मदत हवी आहे: अभंगांच्या मिक्समध्ये ऑटोमेशन कमी वेळात आणि नीट कसं करावं? रीपर (रेकॉर्डिंग-मिक्सिंगचं सॉफ्टवेअर) वापरते

नमस्कार मंडळी,

मावशी आणि तिच्या भजनी मंडळाने गायलेले काही पारंपरिक अभंग मी मिक्स करते आहे. रेकॉर्डिंग कोथरूडला घरीच झालं. आषाढी वारीच्या पालख्या ज्येष्ठात पुण्यात मुक्कामाला येतात, त्याआधी हे अभंग मंडळातल्या सगळ्यांच्या हातात पडावेत अशी फार इच्छा आहे. मुळातलं संतुलन, ईक्यू (आवाजाचा रंग), रिव्हर्ब (घुमारा) इथपर्यंत काम मनासारखं झालंय. गाडी अडली आहे ती ऑटोमेशनवर, म्हणजे गाणं चालू असताना पातळी आपोआप वर-खाली होईल असं लिहून ठेवण्यावर.

मांडणी अशी आहे: मुख्य आवाज, पेटी, तबला आणि डग्गा वेगवेगळ्या माइकवर (दोन अभंगांत त्यांच्या जागी पखवाज), टाळ, तंबोरा आणि मागे म्हणणाऱ्यांचे चार ट्रॅक. मावशी आणि पेटी एकाच खोलीत होत्या, त्यामुळे तिच्या माइकमध्ये पेटी बऱ्यापैकी शिरली आहे. क्लिक (लय धरणारी टकटक) लावलेला नाही. लय गाण्याबरोबर चढत जाते, आणि ती तशीच राहायला हवी.

आता अडचणी. मावशी मंद्रात उतरली की शब्द पेटीखाली जातात आणि तार षड्जाला आवाज एकदम अंगावर येतो. कॉम्प्रेसर (जोराचा आवाज दाबणारा) वाढवून पाहिला, तर तिच्या गाण्यातली चढउतारच सपाट होते. म्हणून व्हॉल्यूम एन्व्हलपवर (ट्रॅकच्या पातळीच्या रेषेवर) माऊसने पॉइंट टाकत गेले. एका अभंगाचं झाल्यावर मंडळाचं म्हणणं आलं की आवाज एकूणच थोडा वर हवा. पण फेडर वर केला की सोडल्याक्षणी परत जागेवर जातो. शेकडो पॉइंट निवडून वर ढकलणं हा काही मार्ग वाटत नाही.

दुसरी गोष्ट पेटीची. मावशी गात असताना पेटी मागे हवी आणि ओळ संपली की ती जागा भरायला पुढे यायला हवी. पेटीवाल्या काकांनी त्या जागा फार सुंदर भरल्या आहेत, त्या ऐकू आल्याच पाहिजेत. प्रत्येक ओळीला हे हाताने काढत बसले तर आषाढी उलटून जाईल.

तिसरी, ध्रुवपद दर वेळी परत येतं. पहिल्या वेळचं ऑटोमेशन पुढे कॉपी केलं तर बसत नाही, कारण लय वाढलेली असते.

साउंडकार्ड साधं आहे, फेडरवालं कुठलंही उपकरण नाही. फक्त माऊस. जाणकारांनी कृपया सांगावं, तुम्ही हे काम कोणत्या क्रमाने करता?

प्रतिसाद १

फेडरचं उत्तर सोपं आहे म्हणून आधी तेच. तुमचा ट्रॅक ‘रीड’ मोडमध्ये आहे. त्यात फेडर एन्व्हलपच्या मागे चालतो, तुमचं ऐकत नाही. तो ‘ट्रिम/रीड’वर न्या. मग एन्व्हलपमधली किंमत आणि फेडरची किंमत यांची बेरीज होते. एन्व्हलपवर उणे ३ डेसिबल आणि फेडरवर अधिक २ असेल, तर बाहेर उणे १ ऐकू येईल. कोरलेलं सगळं तसंच राहतं आणि आवाज एकूण वर-खाली करायला फेडर मोकळा होतो. मंडळ म्हणेल तेवढा वर न्या.

प्रतिसाद २

ताई, वरचं बरोबर आहे, पण क्रमाबद्दल विचारलंत म्हणून जरा सविस्तर लिहितो.

ट्रॅकचा नेहमीचा व्हॉल्यूम एन्व्हलप प्लगिननंतर (ईक्यू, कॉम्प्रेसर वगैरेंनंतर) लागतो. म्हणजे तार षड्ज तुम्ही एन्व्हलपने खाली आणला तरी कॉम्प्रेसरला तो मूळचाच, जोरकस मिळतो. तो त्याला दाबतो आणि मग तुम्ही पुन्हा खाली ओढता. मंद्रातली ओळ कॉम्प्रेसरच्या पातळीपर्यंत पोचतच नाही. चढउतार सपाट झाल्यासारखे वाटतात ते यामुळे: वरचं दोनदा दाबलं जातं आणि खालचं होतं तिथेच राहतं.

म्हणून मोठे फरक प्लगिनच्या आधी मिटवा. त्यासाठी ऑटोमेशनही लागत नाही. गाण्याचा ट्रॅक ओळीओळीला कापा आणि प्रत्येक तुकड्याचा स्वतःचा व्हॉल्यूम बदला. मंद्रातली ओळ ३-४ डेसिबल वर, तार सप्तकातली २-३ खाली. अगदी सारखं करायचं नाही, कॉम्प्रेसरला झेपेल एवढंच जवळ आणायचं. एकाच ओळीच्या आत फरक असेल तर तुकड्याचा टेक व्हॉल्यूम एन्व्हलप वापरा, किंवा ट्रॅकचा प्री-एफएक्स व्हॉल्यूम. दोन्ही प्लगिनच्या आधी लागतात. तुकड्यावर केलेल्या बदलाचा आणखी एक फायदा असा की उद्या एखादं कडवं मागेपुढे हलवलंत तर बदल त्याच्याबरोबर जातो. ट्रॅकच्या एन्व्हलपचे पॉइंट तुकड्यांबरोबर हलवायचे की नाही, याचा पर्याय ऑप्शन्समध्ये वेगळा आहे. तो बंद असेल तर पॉइंट जागच्या जागी राहतात आणि गाणं पुढे निघून जातं.

हे झाल्यावर कॉम्प्रेसर हलका ठेवला तरी पुरतो. ३:१ गुणोत्तर आणि जोराच्या जागी ३-४ डेसिबल दाब, बस. त्यानंतर एन्व्हलपवर जे उरतं ते खरं मिक्सिंग: कोणता शब्द पुढे यावा, कोणता आलाप मागे विरघळावा. ते पॉइंट टाकून करू नका, ऐकत ऐकत करा.

प्रतिसाद ३

आवाजाची पातळी आपोआप सांभाळणारी प्लगिन मिळतात. वेव्हज कंपनीचं व्होकल रायडर आहे, ते फेडर स्वतः हलवतं आणि ऑटोमेशन लिहूनही देतं. वेळ कमी असेल तर विचार करा.

प्रतिसाद २ लिहिणाऱ्याचं उत्तर

या रेकॉर्डिंगला ते मानवेल असं मला वाटत नाही. मावशींच्या माइकमध्ये पेटी शिरली आहे. त्या हळू गातात तेव्हा प्लगिन ट्रॅक वर उचलणार, म्हणजे माइकमधली पेटी आणि खोलीही वर उचलली जाणार. दोन ओळींमध्ये पेटीचा रंग सतत बदलत राहील आणि ते कानाला फार खटकतं. इथे माणसानेच ठरवावं. ओळ संपल्यावरच्या मोकळ्या तुकड्यांत मावशींचा माइक ६ डेसिबल खाली घ्या, पूर्ण बंद करू नका. पूर्ण बंद केला तर मागची हवाच अचानक गायब झाल्यासारखी वाटते.

प्रतिसाद ४

पेटीबद्दल. माऊसने पॉइंट टाकण्याऐवजी पेटीचा ट्रॅक ‘टच’ मोडवर ठेवा आणि गाणं वाजवत फेडर धरा. धरलेला असेपर्यंत लिहिलं जातं, सोडलात की फेडर आधीच्या पातळीवर परत जातो. परतायला किती वेळ घ्यावा हे प्रेफरन्समधल्या ऑटोमेशनच्या पानावर ठरवता येतं. पेटी मुळात गाण्यामागे बसेल अशी ठेवा. मग काम एवढंच: ओळ संपली की फेडर धरून वर, पुढची ओळ यायच्या आत सोडून द्या. अख्खा अभंग एका बैठकीत होतो. संगतकाराला कळतं गायक कुठे श्वास घेणार, तसं दोन-तीनदा ऐकलं की तुमच्याही हाताला कळायला लागेल.

‘लॅच’ वेगळा. त्यात हात लावल्यापासून लिहिणं सुरू होतं आणि सोडल्यावरही शेवटची किंमत गाणं थांबवेपर्यंत चालू राहते. एखाद्या कडव्यापासून पुढे पातळी कायमची बदलायची असेल तर तो. ‘राइट’पासून मात्र लांब राहा. वाजवायला सुरुवात केल्यापासून तो आधीचं सगळं पुसत जातो, हात लावा वा न लावा.

फेडरचं उपकरण नाही म्हणालात. रीपरला वेब ब्राउझरमधून चालवायची सोय मुळातच आहे. फोन आणि लॅपटॉप एकाच वायफायवर असले की फोनच्या पडद्यावर फेडर येतात. माऊसपेक्षा बोटाने बरं पडतं. तिथून करताना लॅचवर ठेवा.

असं लिहिलेलं ऑटोमेशन पॉइंटांनी खच्चून भरलेलं असतं. एन्व्हलपच्या मेनूत पॉइंटची संख्या कमी करायची सोय आहे, ती वापरा. आकार तोच राहतो आणि नंतर हाताने दुरुस्ती करणं शक्य होतं.

ध्रुवपदासाठी ऑटोमेशन आयटम बनवा. पहिल्या ध्रुवपदाएवढा भाग निवडून त्याचा आयटम केलात की तो ऑडिओच्या तुकड्यासारखा कॉपी करता येतो आणि ताणता किंवा आवळताही येतो. लय वाढली आहे तिथे आयटमचा वेग थोडा वाढवून समेवर बसवा. पूल केलेल्या (एकमेकींशी जोडलेल्या) कॉपी केल्यात तर एका ठिकाणचा बदल सगळीकडे लागतो आणि तरीही प्रत्येक कॉपीचा वेग वेगळा ठेवता येतो. शेवटचं ध्रुवपद मोठ्याने म्हटलेलं असेल तर त्या एकाच कॉपीची बेसलाइन (मूळ पातळी) खाली करा.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. एका अभंगावर हा क्रम करून पाहिला. ओळी कापून पातळी जवळ आणली, कॉम्प्रेसर निम्म्याने कमी केला आणि तिच्या आवाजाच्या एन्व्हलपवर आता मोजक्याच जागा उरल्या आहेत. मंद्रातले शब्द पेटीच्या वर आले आणि तिचा तार षड्ज तिचाच वाटतो. पेटी टचवर केली. काकांच्या जागा आता ऐकू येतात, याचा सर्वांत जास्त आनंद झाला.

एक प्रश्न राहिला. शेवटी गजर आहे. तिथे मागचे चार आवाज आणि टाळ हळूहळू चढत जायला हवेत. चारही आवाज एका फोल्डरमध्ये (त्यांना एकत्र करणाऱ्या ट्रॅकमध्ये) आहेत, त्यावर एक कॉम्प्रेसर आहे आणि प्रत्येक आवाजातून वेगळ्या रिव्हर्ब ट्रॅकवर सेंड (आवाजाची प्रत पाठवणारी वाट) आहे. फोल्डरच्या फेडरवर ऑटोमेशन केलं तर गजर सुरू होण्याआधी, म्हणजे आवाज खाली असताना, ते फार लांबून आल्यासारखे वाटतात.

प्रतिसाद २ लिहिणाऱ्याचं उत्तर

कारण रिव्हर्ब खाली जात नाहीये. सेंड निघतात त्या चार ट्रॅकच्या फेडरनंतर आणि ऑटोमेशन आहे पुढे फोल्डरवर. कोरडा आवाज कमी झाला आणि रिव्हर्ब होता तेवढाच राहिला, की गाणारी माणसं खोलीच्या टोकाला गेल्यासारखी वाटणारच.

इथे व्हीसीए ग्रुप करा. रीपरमध्ये पाचव्या आवृत्तीपासून आहे. एक रिकामा ट्रॅक मुख्य करून चार आवाज त्याच्या हाताखाली द्या आणि ऑटोमेशन फक्त त्या मुख्य ट्रॅकवर लिहा. तो चौघांचे फेडर हलवल्यासारखंच काम करतो, त्यामुळे सेंडही त्याच प्रमाणात खाली-वर होतात. लक्षात ठेवायचं एवढंच की आता फोल्डरवरच्या कॉम्प्रेसरला मिळणारा आवाजही बदलेल. गजर चढेल तसा तो जास्त दाबायला लागेल आणि चढ कमी वाटेल. शेवटच्या जोरात तो किती दाबतो ते पाहून थ्रेशोल्ड (जिथून दाबणं सुरू होतं ती पातळी) थोडा वर घ्या.

टाळ त्या ग्रुपमध्ये घालू नका, त्याला वेगळा ठेवा. टाळाची धार कानाला आवाजांपेक्षा आधी लागते. आवाज ४ डेसिबल चढवलेत तर टाळ दीड-दोनच चढवा, आणि आवाज चढू लागल्यानंतर एखादं आवर्तन थांबून.

धागाकर्ती

व्हीसीए करून पाहिलं. मागचे आवाज आता जागेवरून न हलता वाढतात. फोल्डरच्या कॉम्प्रेसरचा थ्रेशोल्ड २ डेसिबल वर घेतला आणि टाळ तुम्ही सांगितल्याप्रमाणे एक आवर्तन उशिरा चढवला. उद्या मावशीला हेडफोनवर आणि घरातल्या साध्या स्पीकरवर, दोन्हींवर ऐकवणार आहे. पखवाजवाल्या दोन अभंगांत काही अडलं तर याच धाग्यावर विचारेन.