नेब्रास्कात पाणी आहे: लेक मॅकोनॉही

कुणीतरी लिहिलंय की अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्यात मक्याच्या शेतांपलीकडे काही नाही, पोरांना पाण्यात खेळवायचं तर थेट मिशिगन गाठावं. मला हे अजिबात पटलं नाही. तिथल्या ओगालाला गावाजवळचं लेक मॅकोनॉही एकदा बघाच. डेन्व्हरकडच्या मंडळींना तर साडेतीन तासांत पोचता येतं.

नॉर्थ प्लॅट नदीवर १९४१ मध्ये किंग्सली धरण पूर्ण झालं, त्याचा हा जलाशय. लांबी ३० किलोमीटरच्या वर आणि काठाला पांढरी, बारीक वाळू. तंबू ठोकून राहता येतं, पण नेमलेल्या जागीच. आरक्षण आधी करा.

एक मात्र ध्यानात घ्या. हे पाणी मुळात सिंचनासाठी साठवलेलं. उन्हाळ्यात शेतांना पाणी सुटलं की पातळी उतरत जाते. जूनमध्ये जिथे गुडघाभर पाणी, तिथे ऑगस्टमध्ये कोरडी वाळू असू शकते. होडी नेणार असाल तर निघण्याआधी पातळी तपासा. गाडी वाळूत फार आत घालू नका, चाकं रुततात.

आणि कृपा करून दोरी लावलेल्या भागात पोरांना, कुत्र्यांना सोडू नका. पायपिंग प्लोव्हर हा वाळूच्याच रंगाचा चिमुकला पक्षी तिथे उघड्यावर अंडी घालतो. अंडी ठिपकेदार, अगदी खड्यांसारखी. पायाखाली येईपर्यंत दिसत नाहीत. हा पक्षी आधीच संकटात आहे.

मासेमारीला वॉलाय मिळतो. ट्राउट हवा असेल तर धरणाच्या खालच्या छोट्या लेक ओगालालावर जा. धरणाच्या तळाकडचं थंड पाणी तिथे येतं.