रोगाची 'तीव्रता' म्हणजे नक्की काय? प्रमाण, तीव्रता, गंभीर यातला फरक

मातीचीनोंद (मोहोळ)

नमस्कार मंडळी, आज शब्द घेतलाय 'तीव्रता'. हा शब्द डाळिंबाच्या माहितीपत्रकात असतो, जनावरांच्या साथीच्या बातमीत असतो आणि दवाखान्याच्या फाईलवर पण असतो, आणि तिन्हीकडं त्याचा अर्थ जरा जरा सरकतो. परवा डाळिंबाच्या एका पत्रकात 'तेल्या रोगाची तीव्रता ४० टक्के' एवढंच छापलेलं वाचलं. एक बागायतदार म्हणाले म्हणजे शंभरातल्या चाळीस झाडांवर रोग आलाय, दुसरे म्हणाले नाही, पानाचा चाळीस टक्के भाग डागांनी भरलाय, तिसऱ्यांनी धरलं की चाळीस टक्के माल गेला. तिघंही आयुष्यभर बाग केलेली माणसं. वाक्यच असं आहे की तिन्ही अर्थ निघतात.

शेतीच्या अभ्यासात यातल्या पहिल्या गोष्टीला 'रोगाचं प्रमाण' म्हणतात, म्हणजे मोजलेल्या झाडांपैकी किंवा पानांपैकी किती रोगट निघाली. इथं हो किंवा नाही एवढंच बघायचं, एक डाग असला तरी रोगट. दुसरी 'तीव्रता', म्हणजे पानाचा किंवा फळाचा किती भाग रोगानं व्यापला. तिसरं नुकसान, ते पार वेगळं प्रकरण.

आता घोळ कुठं होतो बघा. समजा वीस पानं तोडून आणली आणि ० ते ५ अशी प्रतवारी लावली, ० म्हणजे स्वच्छ आणि ५ म्हणजे सगळ्यात खराब. दहा पानं ० निघाली, पाच पानं १, तीन पानं २ आणि दोन पानं ४. बेरीज ५ अधिक ६ अधिक ८, म्हणजे १९. सगळीच पानं ५ ची असती तर बेरीज १०० झाली असती, म्हणून रोग निर्देशांक १९ टक्के. पण वीसातल्या दहा पानांवर डाग आहेत म्हणून प्रमाण ५० टक्के! एकाच झाडाची तीच वीस पानं, एकजण १९ सांगणार आणि दुसरा ५०, आणि दोघं खरं बोलणार. त्यात ह्या १९ चा अर्थ 'पानाचा १९ टक्के भाग डागाळला' असाही होत नाही, कारण १ ही प्रत प्रतवारीच्या बऱ्याच पट्ट्यांत एखाद-दोन टक्के डागालाच देतात. म्हणजे टक्केवाऱ्या तीन झाल्या आणि पत्रकात तिन्हीला शब्द एकच, तीव्रता.

माझं म्हणणं एवढंच की तीव्रता हा शब्द सोडायचा नाही, पण 'कशाची टक्केवारी' हे त्याच वाक्यात आलंच पाहिजे. तुमच्याकडं काय म्हणतात ते सांगा.

भगवा_बाग (सांगोला)

आमच्यात तीव्रता कोण म्हणत न्हाई बघा. आधी 'डाग दिसाय लागलेत' म्हणायचं, मग 'अटॅक आलाय', मग 'बाग तेल्यानं धरली' आणि शेवटी 'बाग गेली'. ह्या चार बोलण्यातच समोरच्याला सगळं कळतंय, तो पुढचं काय विचारत पण न्हाई, गाडी काढून बघायलाच येतो.

पण टक्क्याचं म्हणाल तर तेल्याला पानाच्या टक्क्यानं मोजणं मला पटत न्हाई. पानावर कसं, आधी बारका पाणी लागल्यासारखा तेलकट डाग येतो, उजेडाकडं धरला की चमकतो, मग काळा पडतो आणि भोवती पिवळं कडं धरतो, पान गळतंय. ते ठीक हाय, पान दुसरं येतंय. फळावर तसं न्हाई. फळावर एक डाग पडला, त्याला मधनं चीर गेली, एल नायतर वाय सारखी उकलती ती, की संपलं. फळाच्या सालीचा पाच टक्के पण भाग गेला नसंल पण व्यापारी ते फळ बाजूला टाकतोय. आणि पेऱ्यावर, म्हंजी फांदीच्या सांध्यावर, डाग आला तर त्याहून वाईट, डाग बोटाच्या पेराएवढा पण फांदी तिथनंच मोडती, वरचा सगळा माल घेऊन. आता ह्याची तीव्रता किती लिवणार तुम्ही, दोन टक्के?

म्हणून आम्ही मृग बहाराला दर आठवड्याला आधी फळं आणि पेरं बघतो, पानं नंतर. पाऊस आणि दमट हवा एकत्र झाली की तेल्या वाढतोच, तवा पानं मोजत बसायला टाईम नसतो.

मातीचीनोंद (मोहोळ)

मालक, एकदम बरोबर बोललात. म्हणूनच पानाची, फळाची आणि फांदीची तीव्रता वेगवेगळी लिहायला पाहिजे, सरासरी काढली की फळावरची चीर पानांच्या आकड्यात बुडून जाते. आणि रोग किती दिसतो आणि माल किती जातो ह्यांचा हिशोब जुळलाच पाहिजे असं नाही हे तुमच्या पेऱ्याच्या डागानं दाखवलंच.

एक अजून. डोळ्यानं टक्के काढताना आपण बऱ्याचदा जास्त सांगतो, खास करून बारीक बारीक डाग भरपूर असले की. तेवढाच भाग एका मोठ्या डागात असला तर कमी वाटतो. म्हणून डाग काढलेल्या पानांची चित्रं शेजारी ठेवून मोजायची पद्धत आहे, १ टक्का असा दिसतो, ५ टक्के असा, २५ असा. गव्हाच्या तांबेऱ्यासाठी ऑस्ट्रेलियात कॉब नावाच्या शास्त्रज्ञानं १८९० च्या दशकातच अशी पट्टी केली, ती १९४८ मध्ये सुधारली आणि अजून वापरात आहे. १९४५ मध्ये हॉर्सफॉल आणि बॅरट यांनी बारा पायऱ्यांची पट्टी मांडली, त्यांचं म्हणणं असं की पन्नास टक्क्यांच्या खाली डोळा रोगट भाग बघतो आणि वर गेला की उरलेला हिरवा भाग बघतो, म्हणून दोन्ही टोकाला पायऱ्या बारीक ठेवल्या. ती पट्टी पुढं बऱ्याच जणांना पटली नाही पण डोळ्याबद्दलचं निरीक्षण विचार करण्यासारखं आहे. ज्यांना शंका असेल त्यांनी एका पानाचे टक्के घरातल्या दोघा-तिघांना एकमेकांना न सांगता लिहायला लावा.

गोठा_आणि_सुई (पंढरपूर)

मी पशुवैद्यक, म्हणून जनावरांची बाजू सांगतो. आमच्याकडं 'तीव्रता' फार कमी आणि 'जोर' जास्त. 'औंदा लाळ्याखुरकुताचा जोर हाय' म्हणजे गावात लई जनावरांना झालाय. आणि 'ह्या गाईला जोरात झालाय' म्हणजे एकाच गाईला लई झालाय. म्हणजे जोर हा शब्द पण दोन्हीकडं जातो, पण वाक्यात गाव आहे का गाय आहे त्यावरनं कळतं. लिहिताना मात्र ही सोय राहत नाही. लम्पीच्या वेळी, २०२२ ला, 'तालुक्यात लम्पीची तीव्रता वाढली' असं लोक लिहायचे तेव्हा मला कळायचं नाही की नवीन गावं लागली का आजारी जनावरांच्या अंगावर गाठी वाढल्या का मरतुक वाढली. तिन्हीसाठी करायची कामं वेगळी. पहिल्यासाठी लसीकरण आणि जनावरांची ने-आण थांबवणं, दुसऱ्यासाठी जखमांची निगा आणि औषधोपचार.

कासदाहाचं, म्हणजे कास सुजण्याच्या आजाराचं, उदाहरण सांगतो कारण तिथं मोजणं डोळ्यासमोर होतं. चार कप्प्यांची एक प्लास्टिकची थाळी असते, प्रत्येक सडाचं दूध वेगळ्या कप्प्यात पिळायचं, तेवढंच जांभळट द्रावण घालायचं आणि थाळी गोल गोल हलवायची. चांगलं दूध पाण्यासारखंच फिरत राहतं. आजार लपलेला असेल तर आधी तळाला जरा चिकट रेघ येते, मग दूध दाटतं, आणि जास्त असेल तर मधोमध जेलीसारखा गोळा जमतो आणि थाळी वाकडी केली तरी तो सगळा एकदम सरकतो. दुधात पांढऱ्या पेशी जेवढ्या जास्त तेवढं दाट. ही चाचणी १९५७ पासूनची आहे आणि तिची प्रतवारी निल, ट्रेस, १, २, ३ अशी लिहितात. गंमत म्हणजे बाहेरनं कास एकदम नीट दिसते, गाय चारा खाते, मालक म्हणतो काय झालेलं न्हाई, आणि थाळीत मागचं डावं सड ३ निघतं. म्हणून गाईचा आकडा असं लिहूच नये, सडाचा लिहावा.

शेळ्या-मेंढ्यांत तर पापणीच पट्टी आहे. पोटातले जंत रक्त पितात तेव्हा खालच्या पापणीची आतली बाजू लालभडक, गुलाबी, फिकी, पांढरट, पांढरीफट्ट अशी उतरत जाते, त्याला १ ते ५ आकडे दिलेत, दक्षिण आफ्रिकेतनं आलेली पद्धत आहे, रंगाचं कार्ड मिळतं. आपले धनगर बांधव कार्डाशिवाय हेच करतात, मेंढरू पायात धरलं की आधी अंगठ्यानं पापणी उलटी करून बघतात. पण इथं एक सांगायचं राहतं: ५ म्हणजे वाईट. आकडा मोठा म्हणजे चांगला का वाईट हे प्रत्येक पट्टीला वेगळं असतं, आणि हे न सांगता नुसता आकडा दिला तर शब्द कितीही शुद्ध असू दे, उपयोग नाही.

वॉर्ड_रात्रपाळी (सोलापूर)

डॉक्टरसाहेब तुमच्या शेवटच्या ओळीवरच लिहायला आले. आमच्याकडं हे रोज होतं. डोक्याला मार लागलेल्या पेशंटचा कोमा स्कोअर असतो, ग्लासगोचा, १९७४ पासूनचा, डोळे उघडण्याचे ४, बोलण्याचे ५, हालचालीचे ६, असा १५ पैकी, आणि सगळ्यात कमी ३, शून्य नसतो. नातेवाईक ऐकतात 'स्कोअर आठ आहे', त्यांना वाटतं पंधरातले आठ म्हणजे निम्म्याच्या वर, पास झाला! पण ८ किंवा त्याखाली म्हणजे मेंदूला गंभीर इजा असंच धरतात. आणि हेच नातेवाईक २०२१ मध्ये कोविडच्या वेळी उलटं शिकलेले, कारण तेव्हा छातीच्या सीटी स्कॅनचा स्कोअर २५ पैकी यायचा, फुफ्फुसाचे पाच भाग, प्रत्येकाला ० ते ५, आणि तिथं आकडा मोठा म्हणजे वाईट. अख्ख्या सोलापुरात तेव्हा 'स्कोअर किती आला' हाच प्रश्न. ऑक्सिजन ९७ असलेला माणूस स्कोअर ९ ऐकून हातपाय गाळून बसायचा आणि ऑक्सिजन ८८ आलेला म्हणायचा मला काय होत नाही, मी चालत आलोय. सरकारी नियमात तर सौम्य, मध्यम, गंभीर हे ऑक्सिजन आणि श्वासाच्या वेगावरनं ठरायचं, ९० च्या खाली गेला की गंभीर. स्कोअर फुफ्फुस किती व्यापलं ते सांगतो, आणि पेशंटला आत्ता किती धोका आहे ते ऑक्सिजन सांगतो. हे म्हणजे बागायतदार दादांच्या पानाचा टक्का आणि पेऱ्याचा डाग झाला.

मोहोळच्या दादांना एक सांगते, तुमची पानाची टक्केवारी आमच्याकडं भाजलेल्या पेशंटला लागते. मोठ्या माणसात डोकं ९, एकेक हात ९, एकेक पाय १८, पुढचं धड १८, मागचं १८ आणि उरलेला १, असे शंभर. लहान मुलाचं डोकं अंगाच्या मानानं मोठं असतं म्हणून त्यांचा तक्ता वेगळा. पण नुसते टक्के सांगून भागत नाही, भाजणं किती खोल आहे, वय काय, धूर छातीत गेला का, हे सगळं लागतं. घरचे मात्र एकच विचारतात, 'सिस्टर, किती टक्के?' त्यांना खरं विचारायचं असतं वाचेल का. म्हणून मी टक्के सांगून थांबत नाही, पुढचं एक वाक्य बोलते, हे टक्के कातडीचे आहेत, धोक्याचे नाहीत.

आमच्या बोलण्यात शब्द असे आहेत: 'सिरियस' म्हणजे जीवाला धोका, 'अत्यवस्थ' फक्त पेपरात, 'गंभीर' दोन्हीकडं. तीव्र म्हणतो ते वेदनेला. 'पोटात तीव्र वेदना' म्हणजे आजार सिरियसच असेल असं नाही, मुतखड्याला माणूस गडाबडा लोळतो.

अर्थशोध (अक्कलकोट)

ताईंनी बरोबर जागी बोट ठेवलं. वैद्यकीय मराठीत 'तीव्र' अजून एका कामाला जुंपलाय, आणि त्यामुळं सगळ्यात जास्त गैरसमज होतात. जो आजार अचानक येतो आणि थोड्या दिवसांचा असतो, अॅक्यूट, त्याला पण तीव्र म्हणतात आणि त्याच्या विरुद्ध जुनाट. म्हणजे तीव्र हा कधी काळाचा शब्द असतो आणि कधी मापाचा. अंगणवाडीत फार कुपोषित बाळाला सॅम म्हणतात ते बघा, त्या नावात सिव्हिअर आणि अॅक्यूट दोन्ही शब्द आहेत, आणि मराठीत कधी 'तीव्र कुपोषित' लिहितात, कधी 'अतितीव्र', कधी 'तीव्र गंभीर'. मापाची पट्टी मात्र स्वच्छ आहे. सहा महिने ते पाच वर्षांच्या बाळाच्या दंडाचा घेर साडेअकरा सेंटिमीटरच्या खाली म्हणजे लाल, साडेअकरा ते साडेबारा पिवळा, वर हिरवा. सेविका आईला शब्द सांगतच नाही, पट्टीचा रंग दाखवते, आणि आईला लगेच कळतं.

माझी सूचना: अचानक आलेल्याला 'अचानक' किंवा 'अल्पकाळाचा' म्हणावं, जीवाला धोका असेल तर 'गंभीर', आणि 'तीव्रता' फक्त मापासाठी राखावी. 'प्रादुर्भाव' पण जपून वापरा, त्याचा मूळ अर्थ दिसू लागणं, उगवणं असा. 'प्रादुर्भाव झाला' ठीक, 'प्रादुर्भाव ३० टक्के' म्हटलं की परत तोच प्रश्न, कशाचे टक्के.

भगवा_बाग (सांगोला)

ताई, सर, लई चांगलं कळलं. पण एक विचारतो. आमचा म्हातारा टक्के म्हणत नव्हता, तो म्हणायचा 'बाग आठ आणे हाय', 'ज्वारी बारा आणे हाय'. सोळा आण्याचं माप. ते तीव्रतेत धरायचं का?

मातीचीनोंद (मोहोळ)

नाही मालक, आणे हे पिकाचं माप, रोगाचं नाही. चांगल्या सालाला सोळा आणे धरून यंदा किती हाताला येईल ते सांगायचं. त्यावरनंच सरकारी आणेवारी आली, तिची पुढं पैसेवारी झाली, आणि ५० पैशांच्या खाली गाव गेलं की टंचाईच्या सवलती, हे तुम्हाला माहितीच आहे. त्यात पाऊस, कीड, रोग सगळं एकत्र येतं, रोगाचा वाटा वेगळा निघत नाही. मंगळवेढ्याची ज्वारी खडखड्या रोगानं आडवी झाली का पाणी कमी पडून, आठ आण्याला दोन्ही सारखंच.

पण म्हाताऱ्यांच्या मापात एक गोष्ट पक्की आहे जी आमच्या पत्रकात नसते: ते उरलेलं सांगतात. 'आठ आणे हाय' म्हटलं की ऐकणाऱ्याला हाताशी काय आहे ते कळतं आणि त्यावर तो फवारणीला किती पैसा घालायचा ते ठरवतो. तेव्हा बागेच्या नोंदीत दोन्ही ठेवा. झाडं मोजलेली किती, त्यातली डागाची किती, फळं डागाची किती आणि पेरं किती हे रोगाच्या रकान्यात, आणि विकायला जाईल असा माल किती आणे ते शेजारच्या रकान्यात. दर आठवड्याला एकाच दिवशी, त्याच खुणा केलेल्या झाडांवर मोजा, झाडं बदलू नका, नाहीतर रोग वाढला का नुसती झाडं वेगळी निघाली ते कळणार नाही.

भगवा_बाग (सांगोला)

झाडाला रंगाचा पट्टा मारला तर चालतंय का? सुतळी गळून पडती.

मातीचीनोंद (मोहोळ)

चालतं. खोडाला पिवळा पट्टा आणि नंबर. बागेच्या एकाच कडेची झाडं घेऊ नका, चारी कोपरे आणि मधली घ्या.