घरांच्या आधी शाळा
आपत्तीत उद्ध्वस्त झालेल्या गावात घरं पुन्हा उभी राहिली की माणसं आपोआप परततात, असं काहीजण म्हणतात, ते मला अर्धंच पटतं. घर बांधून होईपर्यंत कुटुंबांनी गावात टिकायचं कशाच्या भरवशावर? अमेरिकेत मिसूरीतल्या जॉपलिनला २२ मे २०११ला ईएफ-५ म्हणजे सर्वांत तीव्र श्रेणीच्या टॉर्नेडोनं (भोवऱ्यासारख्या वादळानं) झोडपलं, दीडशेहून जास्त माणसं गेली, हायस्कूलही उद्ध्वस्त झालं. तरी शाळाप्रशासनानं काही दिवसांतच जाहीर केलं, की १७ ऑगस्टला शाळा ठरल्याप्रमाणे भरणार. आणि भरली!

अकरावी-बारावीचे वर्ग चक्क मॉलमधल्या रिकाम्या दुकानाच्या जागेत. हायस्कूलची नवी इमारत २०१४मध्ये उघडली, म्हणजे मधली तीन वर्षं तात्पुरत्या सोयीवरच निघाली. ढिगारे उपसणं, तात्पुरता निवारा हे तर हवंच, पण मुलांची शाळा कधी सुरू होणार याची पक्की तारीख पहिल्या आठवड्यातच सांगायला हवी. नाहीतर आईवडील दुसऱ्या गावातल्या शाळेत प्रवेश घेऊन मोकळे होतात.