मदत हवी: क्लोनिंग होत नाहीये, सगळ्या कॉलन्या निळ्याच

प्रोजेक्टग्रस्त
तिसरा आठवडा. लायगेशन केलं (इन्सर्ट, म्हणजे माझा डीएनएचा तुकडा, प्लाझ्मिडच्या वर्तुळात जोडायचा), ट्रान्सफॉर्म केलं (ते जिवाणूंत घातलं), सकाळी प्लेट बघावी तर सगळ्या कॉलन्या निळ्या, म्हणजे इन्सर्टशिवायच्या. इन्सर्ट बसलेली पांढरी एक नाही. तुकड्यांची लांबी दाखवणाऱ्या जेलवर इन्सर्ट व्यवस्थित कापलेला दिसतो. गुरुवारी गाइडना दाखवायचंय. पटकन सांगा.

पिपेटवाला
व्हेक्टर, म्हणजे प्लाझ्मिड, कोणता? कापायला एन्झाइम? कंट्रोल प्लेट?

प्रोजेक्टग्रस्त
पीयूसी १९च, अजून कोणता. प्लेटमध्ये अ‍ॅम्पिसिलिन, निळ्या रंगासाठी एक्स-गॅल, आयपीटीजी सगळं घातलंय.

ज्ञानपिपासू
डीएनए ठरावीक जागी कापणारं रिस्ट्रिक्शन एन्झाइम म्हणजे जिवाणूंचं विषाणूंविरुद्धचं हत्यार. आर्बर, नेथन्स आणि स्मिथ यांना १९७८ चं नोबेल त्यासाठीच मिळालं. १९७३ मध्ये कोहेन आणि बॉयर यांनी...

प्रोजेक्टग्रस्त
हे बीएस्सीला पाठ केलंय हो.

रात्रपाळी
लायगेशन १६ अंशांवर रात्रभर ठेवा. मी पीएचडीभर तेच केलं.

पिपेटवाला
चिकट टोकं (कापल्यावर उरणारी एकेरी साखळीची शेपटं) टी-फोर लायगेज हे जोडणारं एन्झाइम साध्या तापमानाला तासाभरात जोडतं. रात्रभर ठेवल्याने फक्त आपली झोप होते. एन्झाइम कोणतं ते सांगाल का आता?

प्रोजेक्टग्रस्त
इको आर वन, दोन्ही टोकांना. लायगेज न घातलेल्या प्लेटवर जेमतेम चार कॉलन्या. व्हेक्टरला स्वतःशीच जुळू न देणारं फॉस्फेटेज दिलं नाही, लॅबमधलं संपलंय.

जोडारी
अजून कापाकापीच? गिब्सन (इन्सर्ट न कापता जोडायची पद्धत) करून मोकळे व्हा.

रात्रपाळी
किटचे पैसे तुम्ही पाठवताय का?

पिपेटवाला
म्हणजे व्हेक्टर कापला जातोय आणि लायगेजही चालतंय. इन्सर्ट पीसीआरचा ना? प्रायमरमध्ये (पीसीआर सुरू करणाऱ्या छोट्या डीएनएत) इको आर वनच्या साइटच्या, म्हणजे जीएएटीटीसीच्या, आधी किती अक्षरं आहेत?

प्रोजेक्टग्रस्त
आधी कुठली? प्रायमर तिथूनच सुरू होतो. पण जेलवर ७०० अक्षरांचा बँड दिसतो म्हटलं ना!

पिपेटवाला
सापडलं. इको आर वन जी आणि ए यांच्यामध्ये कापतं. तुमच्या इन्सर्टच्या टोकाला एका साखळीचं एक अक्षर जाणार, दुसरीची पाच. ७०० मधला एवढा फरक जेलवर कुणाला दिसणार? कापला काय, न कापला काय, बँड तिथेच.
एन्झाइमला बूड टेकायला साइटच्या बाहेरही थोडा डीएनए लागतो. तो नाही, म्हणून इन्सर्टला चिकट टोकं आलीच नाहीत. व्हेक्टरला जोडीदार मिळेना, त्याने स्वतःशीच गाठ मारली. व्हेक्टरमधला निळा रंग देणारा जीन, लॅक झेड, पुन्हा अखंड, कॉलनी निळी.
नवे प्रायमर मागवा. साइटच्या आधी सहा अक्षरं, आणि एका टोकाला हिंड थ्री या दुसऱ्या एन्झाइमची साइट. मग व्हेक्टर सहजी मिटणार नाही, इन्सर्टही उलटा बसणार नाही.

प्रोजेक्टग्रस्त
प्रायमर गुरुवारपर्यंत येणार आहेत का!

रात्रपाळी
पीसीआर टाक पॉलिमरेज या एन्झाइमने केलाय ना? ते टोकाला जादा ए लावतं. टोकांना जादा टी असलेल्या टी-व्हेक्टरमध्ये तसाच जोडा. मग त्या प्लाझ्मिडमधून इको आर वनने काढा. साइट आता आत गेलेली असेल, नीट कापेल.

पिपेटवाला
हे मान्य. पण १६ अंश नाहीच.

कपाशीवाला
बीटी कापसाचं बियाणं असंच करतात का? २००२ पासून लावतोय, पण गुलाबी बोंडअळी आता त्यालाही जुमानत नाही.

ज्ञानपिपासू
जीन आधी असाच प्लाझ्मिडमध्ये घालतात, दादा. अळीचा वेगळा धागा काढा, लिहितो.

प्रोजेक्टग्रस्त
टाकच होतं. टी-व्हेक्टर शेजारच्या लॅबच्या फ्रीजमध्ये आहे, पण तिथल्या ताईंची सेंट्रीफ्यूजची बकेट मी अजून परत केलेली नाही. आधी ती देऊन येते.