थंडीत कोंबड्यांचे तुरे काळे पडत आहेत, बदके मात्र ठणठणीत आहेत

वेण्णाकाठ:
आमचे घर महाबळेश्वरला वेण्णा तलावाजवळच्या सखल भागात आहे. निरभ्र रात्रींनंतर येथे गवतावर आणि गाड्यांच्या टपांवर दव गोठलेले दिसते. परसातल्या एकाच पत्र्याच्या खुराड्यात दहा गावठी कोंबड्या, व्हाइट लेगहॉर्न जातीचे दोन नर आणि चार खाकी कॅम्पबेल बदके असतात. थंडी वाढल्यावर मी खुराडे प्लास्टिकच्या कागदाने चहूबाजूंनी बंद केले आणि पाण्याची बादलीही रात्री आत ठेवू लागलो. तरीही दोन्ही नरांच्या तुऱ्यांची टोके आधी फिकट आणि मग काळी पडली. आत कोळशाची शेगडी ठेवावी का?

माजी_सैनिक_कोरेगाव:
शेगडी मुळीच ठेवू नये. बंद जागेत कोळशाचा कार्बन मोनॉक्साइड साचतो, त्याला वास नसतो, आणि सकाळी खुराड्यात एकही पक्षी जिवंत सापडणार नाही.

माझ्या मते आपली चूक प्लास्टिकमध्ये आहे. लडाखमध्ये नोकरीला असताना आम्ही पाळलेल्या कोंबड्या शून्याखालच्या थंडीतही टिकल्या, कारण त्यांची खोली कोरडी होती. पक्ष्यांचा श्वास, ओली विष्ठा आणि बदकांनी उडवलेले पाणी यांची वाफ बाहेर पडायला जागा नसली की ती पत्र्याला खालून धरते आणि थेंबाथेंबाने तुऱ्यावर गळते. तुऱ्यावर पिसे नसतात. तो ओला झाला की लवकर गोठतो, आणि लेगहॉर्नचा तुरा तर मोठा व उभा असतो. (असीलचा तुरा आखूड असतो, त्यामुळे त्याला हा त्रास कमी.) छताच्या कडेला, बसलेल्या पक्ष्यांच्या डोक्यांच्या वर, वारा थेट अंगावर येणार नाही अशी चार बोटे फट ठेवावी, खाली भाताचे कोरडे तूस पसरावे, बदके वेगळी ठेवावीत आणि रात्री खाद्य व पाणी दोन्ही बाहेर काढावे. थंड हवा सखल जागी साचते. खुराडे थोडे उंचावर हलवता आले तर उत्तमच.

पशुवैद्य_मिरज:
वरील मताशी मी सहमत आहे. काळे टोक चोळू नये, शेकू नये आणि कापूही नये. ते वाळून आपोआप गळते. खपल्या तुऱ्यावर आणि चेहऱ्यावरही उठल्या असतील, तर तो देवी रोग असू शकतो. संपूर्ण तुरा निळसर होऊन पक्षी मलूल झाले किंवा एकापाठोपाठ मरू लागले, तर थंडीला दोष देत न बसता जवळच्या शासकीय पशुवैद्यकीय दवाखान्यात त्वरित कळवावे.

बदकांच्या पायांत उतरणारे गरम रक्त वर येणाऱ्या थंड रक्ताला वाटेतच उष्णता देते, म्हणून गार चिखलातही त्यांचे निभावते. कोंबड्यांना मात्र बसायला गोल काठीऐवजी रुंद सपाट फळी द्यावी, म्हणजे बोटे पोटाच्या पिसांखाली झाकली जातात.

वाळवा_परसबाग:
आमच्याकडे दव गोठत नाही, पण पिल्ले गारठून मरतात. पहिल्या आठवड्यात त्यांना सुमारे 35 अंश ऊब लागते आणि पुढे दर आठवड्याला ती 3 अंशांनी कमी करता येते. पिल्ले बल्बखाली एकमेकांवर चढली तर ऊब कमी आहे, आणि दूर पांगली तर जास्त आहे, असे समजावे. बल्ब जाळीत ठेवून साखळीने टांगावा; तूस पेटायला वेळ लागत नाही.

वेण्णाकाठ:
सर्वांचा आभारी आहे. आज पहाटे प्लास्टिकच्या आतून हात फिरवला, तर तळहात चिंब झाला. वरची पट्टी कापून काढली आहे आणि बदकांसाठी न्हाणीघरामागे वेगळा आडोसा करत आहे.