खेळायच्या जागेत कुत्री : तुमचे अनुभव सांगा

दहीबुत्ती
आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर सध्या एकच विषय पेटलाय, मुलांच्या झोक्यांपाशी कुत्री आणायची की नाही. एक गट म्हणतो मेंटेनन्स आम्हीपण भरतो, दुसरा म्हणतो आधी आमची पोरं, आणि मधले सगळे गुड मॉर्निंगचं फूल टाकून पळतात. माझ्या घरी पोरगंही आहे आणि लॅब्राडॉरही, त्यामुळे शिव्या दोन्हीकडून. माझं विचाराल तर झोके, घसरगुंडी, वाळू एवढ्या चौकोनात कुत्रं नको, बाकी बागेत पट्ट्याने खुशाल फिरवा. पण इथे मतं नकोत, अनुभव टाका. पाळीव, भटकी, इथली, परदेशातली सगळी चालतील. रणांगण करू नका प्लीज.

पुणेरी_टोमणा
"काही करत नाही हो तो!" हे वाक्य पट्ट्यावरच छापून द्यायला हवं. आमच्याकडे एक काका ते लांब होत जाणाऱ्या दोरीचे पट्टे असतात ना, तो घेऊन यायचे, काका बाकावर फोनवर आणि कुत्रं थेट सीसॉपाशी. माझ्या भाचीच्या हातात पारले-जी होतं. कुत्रं खरंच चावायला नव्हतं आलं, बिस्किटालाच आलं होतं, पण ती घाबरून पळाली, तेही मागे पळालं, दोरी सीसॉच्या पायाला वेढा घालून तिच्या पोटरीला घासली आणि चांगला लालभडक वळ उठला. काका शेवटपर्यंत म्हणत होते, चावलं नाही ना, मग झालं तर. अहो काका, चार वर्षांच्या पोरीच्या तोंडासमोर तुमच्या कुत्र्याचं तोंड येतं, तिला काय कळणार तो काही करत नाही म्हणून?

ठाण्याची_सिम्बाआई
आता आमचीपण ऐका. महापालिकेच्या बागेत जा तर गेटवरच पाटी, पाळीव प्राण्यांना मनाई. फुटपाथवर पार्किंग. सोसायटीत लिफ्टमध्ये तोंडं वाकडी. मग त्याला न्यायचं कुठे? 2015 साली प्राणी कल्याण मंडळाने काढलेल्या सूचनांत आहे की सोसायटीने बागेत सरसकट बंदी घालू नये, वेळा ठरवून द्याव्यात, पण एजीएममध्ये (सोसायटीच्या वार्षिक सभेत) वाचून दाखवलं तर सेक्रेटरी म्हणाले, वहिनी, पुढचा विषय घ्या. आणि पोरं कमी नसतात हं. आमचा सिम्बा देशी आहे, रस्त्यावरून आणलेला, मागून कोणी शेपूट ओढली की दचकतो. झोक्यांपाशी मी त्याला स्वतःच नेत नाही, पण ते पोरांच्या काळजीने की त्याच्या काळजीने, हे विचारू नका.

गोळी_इंजेक्शन
मी जनावरांची डॉक्टर आहे. सगळे चावण्यावर भांडतात, वाळूचं कोणी बोलत नाही. कुत्र्याच्या पोटातल्या गोल जंतांची अंडी शीतून पडतात, पिल्लांच्या शीतून तर फारच. ताज्या शीतली अंडी लगेच बाधत नाहीत, दोनेक आठवडे जाऊ द्यावे लागतात, म्हणजे शी दिसेनाशी झाली, सगळे विसरले, की धोका सुरू, आणि मातीत ती महिनोन् महिने टिकतात. लहान पोरं वाळूचे हात तोंडात घालणारच. तेव्हा शी लगेच उचला, जंताचं औषध वेळच्या वेळी द्या (मोठ्या कुत्र्यांना साधारण तीन महिन्यांनी, पिल्लांना बरंच लवकर लवकर) आणि वाळूच्या हौदावर रात्री ताडपत्री टाका. मांजरीही तिथेच जातात, त्यांना कोणी एजीएमला बोलावत नाही.

बर्लिनचा_बाळू
इथे हा प्रश्नच नाही. मुलांच्या मैदानात कुत्रं न्यायला बंदी, तसा कायदाच आहे, दारावर कुत्र्याच्या चित्रावर लाल रेघ. आणि हे लोक तसे कुत्रेवेडे बरं का, ट्रेनमध्ये, हॉटेलात सगळीकडे कुत्री. पण त्यांना मोकळं सोडायला ग्रुनेवाल्डच्या जंगलात मोठी थोरली जागा दिलीय, म्हणून बंदी कोणाला टोचत नाही. नुसती पाटी लावून उपयोग नाही, बदल्यात काहीतरी द्यावं लागतं. (फुटपाथवरच्या शीचं मात्र विचारू नका, कायद्याचा देश वगैरे सगळं तिथे संपतं.)

नाशिकचा_चिवडा
आमच्याकडे पाळीवचा त्रास नाही, भटक्यांचा आहे. एक काकू रोज संध्याकाळी घसरगुंडीखाली दूधपोळी ठेवायच्या, सावली असते म्हणून. बरोबर पोरं खाली उतरायच्या वेळेला. काकूंना बोललं की डोळ्यात पाणी, नाही बोललं की पोरांच्या आया अंगावर. शेवटी एका वकील मेंबरने 2023 चे प्राणी जन्म नियंत्रण नियम काढले, त्यात स्पष्ट आहे की खायला घालायची जागा मुलांच्या खेळायच्या जागेपासून, जिन्यापासून आणि ये-जा करायच्या दारापासून लांब हवी आणि वेळही मुलं-म्हातारी माणसं बाहेर नसतील अशी. म्हणजे खायला घालायला बंदी नाही, घसरगुंडीखाली बंदी. भांडं पंप हाउसच्या मागे हलवलं, वेळ रात्री जेवणानंतरची, आणि कुत्रीही गेली की तिकडे! त्यांचा घसरगुंडीशी काय संबंध, पोळीशी संबंध. कानाला खाच असलेली म्हणजे नसबंदी झालेली, एकाला नव्हती, त्यालाही काकूंनीच बिस्किटावर पकडून दिलं, बाकी कोणाच्या हाताला लागला नसता.

अनामिक_आई
नाव देत नाही, शेजारी वाचत असतील. माझ्या मुलाला बागेत कुत्रं चावलं, पाळलेलं. सासूबाई हळद घेऊन आल्या, शेजारची म्हणे चुना लावा. मी नळाखाली पाय धरला आणि साबणाने पंधरा मिनिटं धूत राहिले, तो नुसता किंचाळत होता. ते धुणंच फार महत्त्वाचं असतं, डॉक्टरही तेच म्हणाले. जखम खोल म्हणून जखमेतच वेगळं इंजेक्शन दिलं आणि रेबीजची लस दंडात, शून्य, तीन, सात, चौदा, अठ्ठावीस या दिवसांना. मालक म्हणत होते लस दिलेली आहे, कार्ड मागितलं तर आज शोधतो, उद्या शोधतो. म्हणून सांगते, कुत्रं आणा, पण लसीच्या कार्डाचा फोटो फोनमध्ये ठेवा. रेबीज एकदा झाला की माणूस वाचत नाही, तिथे "शोधतो" चालत नाही.

ठाण्याची_सिम्बाआई
@अनामिक_आई कार्डाचं शंभर टक्के पटलं. आत्ताच काढून ठेवला फोटो.

शाळेतली_ताई
बालवाडीत शिकवते. कुत्रं धावत आलं की पोरं किंचाळत पळतात आणि तिथेच घोळ होतो. मी त्यांना त्यांच्याच भाषेत शिकवलंय, कुत्रं आलं की हाताची घडी, तोंडावर बोट, जागेवर उभं राहायचं, त्याच्या डोळ्यात बघायचं नाही. हुंगून कंटाळतं आणि जातं. पडलात तर गुडघे पोटाशी, हात मानेवर. वर्गात खेळ म्हणून घेतो, एक पोर कुत्रं होतं आणि रोज मारामारी कोण कुत्रं होणार म्हणून.

ब्रुकलिनकर
आमच्या न्यूयॉर्कच्या प्रॉस्पेक्ट पार्कात मोठ्या हिरवळीवर सकाळी नऊच्या आत आणि रात्री नऊनंतर कुत्री मोकळी सोडता येतात, एरवी पट्टा. मुलांच्या प्लेग्राउंडमध्ये कधीच नाही. सकाळी पावणेनऊला नुसता दंगा, नऊ वाजले की पट्टे लागतात आणि पोरं हजर. दोघांना तेच गवत पुरतं.

पुणेरी_टोमणा
आपल्याकडे नऊ वाजले कोणाच्या घड्याळात यावर उपसमिती नेमतील.

हैद्राबादी_मराठी
वेगळी जागा भारतातही होते बरं. इथे कोंडापूरला महापालिकेने 2018 मध्ये खास कुत्र्यांसाठी पार्क केलंय. लांबून येतात लोक.

दहीबुत्ती
सगळं वाचतेय. आमच्याकडे आता झोक्यांभोवती कमरेएवढं कुंपण आणि आपोआप बंद होणारं फाटक असा प्रस्ताव आहे. कोणी बसवलंय का? टिकतं का?

नाशिकचा_चिवडा
बसवलंय. स्प्रिंग चांगली घ्या आणि कडी वर, मोठ्यांच्याच हाताला येईल अशी. आमच्याकडे कुत्री आत येत नाहीत, पण पोरं फाटकावर लोंबकळून झोका घेतात, दोनदा बिजागरी बदललीय.

ठाण्याची_सिम्बाआई
खर्च कुठल्या खात्यातून टाकला ते सांगा आधी, आमच्याकडे भांडण तिथेच सुरू होईल.