मदत हवी आहे : आंब्याच्या सीझनपुरता क्लाउड सर्व्हर कुठला घ्यावा?

नमस्कार मंडळी,

देवगडजवळ मामाची हापूसची बाग आहे. पेट्यांच्या बुकिंगसाठी वर्डप्रेस-वूकॉमर्सवर साइट केली आहे, ती मी पुण्यात बसून सांभाळतो. मी अकाउंट्सवाला, सर्व्हरचं ज्ञान यूट्यूबपुरतं.

सध्या शेअर्ड होस्टिंग (एकाच सर्व्हरवर अनेकांच्या साइट) आहे. पहिलं वर्ष स्वस्तात गेलं, रिन्यूअलला तिप्पट बिल आलं. तेही मुकाट भरलं. पण पाडव्याला सकाळी मामाने होत्या नव्हत्या त्या सगळ्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर लिंक टाकली आणि दहा मिनिटांत पांढरं पान : '५०८ रिसोर्स लिमिट इज रीच्ड'. सपोर्टवाले म्हणतात, वरचा प्लॅन घ्या. मामा म्हणतो, त्यापेक्षा माझी वही बरी.

क्लाउड सर्व्हर भाड्याने देणाऱ्या सेवांपैकी लाइटसेल (मुंबई) की डिजिटलओशन (बंगळुरू), इथे गाडी अडली आहे. मार्च ते मे सोडले तर दिवसाला वीस माणसंही फिरकत नाहीत. १ जीबी रॅम पुरेल का? आणि जूनमध्ये सर्व्हर बंद करून ठेवला तर बिल थांबेल ना?

प्रतिसाद १ :
नाही थांबणार. दोन्हीकडे सर्व्हर नुसता बंद केला तरी मीटर चालूच राहतो, डिलीट केला तरच थांबतो. त्यापेक्षा डिजिटलओशनवर वर्षभर १ जीबीचा ठेवा, मार्चमध्ये रॅम वाढवा, पावसाळ्यात परत उतरवा. वाढवताना फक्त सीपीयू आणि रॅमचाच पर्याय निवडा हं. एकदा डिस्क वाढवली की खाली येता येत नाही, मी ते करून बसलोय. लाइटसेलवर तर लहान प्लॅनवर उतरायची सोयच नाही. आणि स्वॅप फाइल (रॅम कमी पडली की वापरायची डिस्कवरची जागा) लावा, नाहीतर ऐन गर्दीत मायएसक्यूएल, म्हणजे साइटचा डेटाबेस, मान टाकेल.

प्रतिसाद २ :
ऑर्डरचे ईमेल कसे पाठवणार? क्लाउडवर पोर्ट २५ (सर्व्हरवरून ईमेल बाहेर जायची वाट) बहुधा बंदच असतो. ईमेल पाठवणारी वेगळी सेवा एपीआयने जोडावी लागेल. कॅशिंग प्लगिन (एकदा बनलेलं पान साठवून तेच सगळ्यांना दाखवणारं) लावलंय का? चेकआउट कॅश होत नाही, पण निम्मे लोक नुसता भाव बघून जातात, त्यांच्यासाठी सर्व्हरला राबवू नका. फोटो केवढे आहेत?

धागाकर्ता :
आत्ता पाहिलं. मोबाइलवरून काढले तसेच चढवलेत, एकेक ५ एमबीचा, होमपेजवर अकरा! आज रात्री लहान करतो. ईमेलचं मामाला विचारलं, म्हणाला, "ईमेल कोण उघडतंय? व्हॉट्सअ‍ॅपवर पाठव." ते कसं जोडायचं, कुणी केलंय का?